रोमसाठी एकच दिवस: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात युरोपच्या प्रवासाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतली बहुतेक पत्रे रोमविषयी होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाती तिथे एकच दिवस असणार आहे. मी रोमला दोनदा गेले आहे. पहिल्या खेपेला माझ्याकडेही एकच दिवस होता आणि तो मी जवळजवळ सगळा रांगांमध्ये आणि बसथांब्यांवर घालवला. दुसऱ्या खेपेला सहा दिवस मिळाले, तेव्हा आधीचा दिवस कसा लावायला हवा होता ते कळले. खालची उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत. वेळा आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या वास्तूच्या अधिकृत संकेतस्थळावर ती एकदा पाहून घ्यावीत.

प्रश्न: मी गंगापूर रोडला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे यजमान मुलीकडे जर्मनीला जाणार आहोत आणि तिथून आम्ही तिघे रोमला जाऊ. मुलीच्या सुट्टीमुळे रोममध्ये दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस मिळतो. नातेवाइकांनी पाहण्यासारख्या अकरा ठिकाणांची यादी करून दिली आहे. यजमानांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ते तासभर चालतात, पण जिने चढणे त्यांना जड जाते. एका दिवसात हे सारे होईल का? होत नसेल तर काय सोडावे?

उत्तर: अकरा ठिकाणे एका दिवसात होणार नाहीत, आणि धावतपळत ती उरकली तरी संध्याकाळी त्यांतले एकही नीट आठवणार नाही. रोममध्ये वेळ खाणाऱ्या मोठ्या जागा दोन आहेत. एक कोलोसियम हे प्राचीन प्रेक्षागार व त्याला लागून असलेला फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि दुसरी व्हॅटिकनची संग्रहालये. या दोन्ही जागा आतून पाहायच्या म्हटले की प्रत्येकीला किमान अर्धा दिवस जातो, त्यातच दोन्ही ठिकाणची सुरक्षा तपासणी आली, आणि मधले मूळ शहर पाहायचे राहूनच जाते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, या दोहोंपैकी एकच आतून पाहावे. यजमानांचे गुडघे लक्षात घेता मी कोलोसियम निवडेन, कारण तिथे वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे आणि मधूनमधून दगडावर टेकायला जागा मिळते. संग्रहालयांतून मात्र गर्दीच्या लोंढ्याबरोबर बराच वेळ सलग चालावे लागते.

दिवस लवकर सुरू करावा. आपण बहुधा टर्मिनी या मुख्य रेल्वेस्थानकाजवळ उतराल. तिथून सकाळी सातच्या आत ट्रेव्ही कारंज्यापाशी पोहोचावे. मेट्रोने यायचे तर 'ए' मार्गावरच्या बार्बेरिनी स्थानकावर उतरून थोडे चालावे लागते. गुडघ्यांसाठी टॅक्सी बरी, मात्र ती अधिकृत पांढरी टॅक्सी असावी आणि थांब्यावरूनच घ्यावी. दुपारी या कारंज्याभोवती आपल्या सराफ बाजारात धनत्रयोदशीला असते तशी दाटी होते. सकाळी मात्र पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि या जागेचे सारे मोल त्या आवाजात आहे. खाली कुंडाच्या काठाशी उतरण्यावर हल्ली नियंत्रण असते, तथापि वरच्या रस्त्यावरूनही कारंजे पूर्ण दिसते. निकोला साल्व्ही या वास्तुकाराने १७३२ मध्ये ते बांधायला घेतले; ते १७६२ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा साल्व्हीच्या निधनाला अकरा वर्षे उलटली होती. कारंजे अठराव्या शतकातले असले तरी त्याला पाणी पुरवणारा कालवा फार जुना आहे. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा याने इसवी सनापूर्वी १९ मध्ये हे पाणी शहरात आणले. हे नाव लक्षात ठेवावे, कारण दुपारी ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे. उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकण्याची तिथली रीत आपणही पाळायला हरकत नाही; ती नाणी गोळा करून कारितास या संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरली जातात.

तिथून कोलोसियम गाठावे. पहिल्याच वेळेचे तिकीट काही आठवडे आधी अधिकृत संकेतस्थळावरून काढून ठेवावे. तिकिटावर प्रवाशाचे नाव असते, म्हणून पासपोर्ट बरोबर हवा. मेट्रोच्या 'बी' मार्गावरच्या कोलोसेओ स्थानकातून बाहेर पडले की ती वास्तू एकदम समोर येते, आणि छायाचित्रांत शेकडो वेळा पाहिलेली असूनही माणूस क्षणभर थबकतो. सम्राट व्हेस्पासियनने तिचे बांधकाम सुरू केले आणि त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये ती खुली केली. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, उंची साधारण ४८ मीटर, आणि ८० प्रवेशकमानी. आपण शिक्षिका असल्यामुळे एक गोष्ट आपल्याला विशेष आवडेल असे वाटते. बाहेरच्या उरलेल्या भिंतीवर काही कमानींच्या डोक्यावर रोमन आकडे अजून वाचता येतात. प्रेक्षकाने आपल्या कमानीचा आकडा शोधून ठरलेल्या जिन्याने ठरलेल्या जागी जायचे, अशी ती व्यवस्था होती. सिंहस्थाच्या वेळी घाटांवर जाण्यायेण्याचे मार्ग कसे आखले जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या आकड्यांमागचा विचार लगेच कळेल. हजारो माणसे चेंगराचेंगरी न होता आत यावीत आणि खेळ संपताच बाहेर पडावीत, यासाठी एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी डोके खपवले होते. मात्र आत जे खेळ चालत ते माणसांच्या आणि जनावरांच्या जिवावरचे होते, आणि जमिनीखालच्या उघड्या पडलेल्या खोल्यांकडे पाहताना ते विसरता येत नाही. जनावरांचे पिंजरे तिथूनच दोरखंडांनी वर ओढले जात.

त्याच तिकिटात फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते. इथे आपल्याला वाटून घ्यावे लागेल. फोरमची जमीन ओबडधोबड मोठ्या दगडांची आहे आणि यजमानांना ती त्रासदायक होईल. मुलीने आणि आपण तासभर आत जाऊन टायटसची कमान, ज्युलियस सीझरचे दहन झाले त्या जागी उभारलेल्या मंदिराचे अवशेष आणि शनिदेवाच्या मंदिराचे उरलेले आठ खांब पाहावेत. यजमानांनी तोवर फोरमच्या कडेने जाणाऱ्या रुंद, सपाट रस्त्याने सावकाश चालत यावे. त्या रस्त्याच्या कठड्यावरूनही बरेचसे अवशेष दिसतात. रस्त्याच्या टोकाला इटलीच्या पहिल्या राजाचे पांढऱ्या दगडाचे प्रचंड स्मारक आहे. त्याच्या मागच्या बाजूने काचेची लिफ्ट थेट गच्चीवर जाते. तिचे शुल्क वेगळे असते, पण गुडघे दुखणाऱ्याला एकही मोठा जिना न चढता सारे रोम दाखवणारी ती जागा आहे, तेव्हा हे पैसे वाचवू नयेत.

दुपारचे जेवण अडीचच्या आत आटोपावे, कारण अनेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे तीनच्या सुमारास बंद होतात ती थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. जेवणानंतर पँथिऑन हे प्राचीन मंदिर, तिथून पाच-सात मिनिटांवर नाव्होना चौक, आणि मग टायबर नदीकडे चालू लागावे. पँथिऑनविषयी आणि नाव्होनातील कारंज्याविषयी पुढे दोन स्वतंत्र पत्रे आहेत, म्हणून इथे पुनरुक्ती करत नाही. नदी ओलांडायला सांत'आंजेलो पूल निवडावा. सम्राट हेड्रियनने आपल्या समाधीकडे जाण्यासाठी इसवी सन १३४ मध्ये बांधलेला हा पूल आज केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याच्या कठड्यांवर शिल्पकार बर्निनीच्या आराखड्यानुसार घडवलेले दहा देवदूत उभे आहेत. समोरची गोल गढी हीच हेड्रियनची समाधी होती. पुढे पोपमंडळींनी तिचा किल्ला केला.

पुलापासून सेंट पीटर्सचा चौक सरळ रस्त्यावर आहे. संध्याकाळी पाचनंतर तिथली तपासणीची रांग बहुधा सकाळपेक्षा कमी असते, आणि चर्चमध्ये जायला शुल्क नाही. आत शिरताच उजव्या हाताच्या पहिल्या दालनात काचेमागे मायकेलअँजेलोचे 'पिएता' हे शिल्प आहे, मांडीवर मृत पुत्राला घेतलेली माता. ते घडवले तेव्हा शिल्पकार पंचविशीही ओलांडलेला नव्हता. १९७२ मध्ये एका माणसाने त्यावर हातोड्याने घाव घातले, तेव्हापासून ते काचेमागे आहे. घुमटावर जाण्याचा मोह टाळावा. एकूण ५५१ पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट घेतली तरी त्यांतल्या ३२० चढाव्याच लागतात, त्याही शेवटी अगदी अरुंद व तिरक्या.

यादीतले स्पॅनिश जिने सोडावेत. पायऱ्या १३५ आहेत आणि २०१९ पासून त्यांवर बसायला बंदी आहे. बसल्यास दंड होतो. थकलेल्या माणसाने तिथे जाऊन नुसते उभे राहायचे, त्यापेक्षा सूर्यास्ताला पुन्हा पुलावर यावे.

दोन गोष्टी आणखी. जुन्या शहरातले रस्ते लहान काळ्या दगडांचे असतात, म्हणून जाड तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट हवेत. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नये. रस्त्यारस्त्यांवर अखंड वाहणारे लोखंडी नळ आहेत, त्यांना तिथले लोक 'नासोने' म्हणजे मोठे नाक म्हणतात. पाणी पिण्यायोग्य आणि गार असते. नळाच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या छिद्रातून कारंज्यासारखी धार येते, त्यामुळे वाकावे लागत नाही. हे यजमानांना जरूर सांगावे.

प्रश्न: इंदिरानगर, नाशिक. आम्ही जैन आहोत. कांदा, लसूण आणि अंडी वर्ज्य. रोममध्ये दिवसभर फिरताना खाण्याचे काय करावे?

उत्तर: अडचण आहे, पण उपाशी राहण्याची वेळ येत नाही. सुकवलेला पास्ता, म्हणजे स्पॅगेटी किंवा रिगातोनी, बहुधा गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच केलेला असतो. ताज्या पास्त्यात, विशेषतः रुंद पट्ट्यांच्या फेत्तुचिनेत, अंडे असते. रोमचे प्रसिद्ध कार्बोनारा आणि अमात्रिचाना हे दोन्ही प्रकार डुकराच्या मांसाचे आहेत. 'काचो ए पेपे' म्हणजे चीज आणि मिरे घातलेला पास्ता निर्दोष वाटतो, तथापि त्यातले पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातील विरजणाने लावतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तीने तो टाळावा. 'सुप्ली' नावाचे तळलेले भाताचे गोळे हातगाडीवरच्या वड्यासारखे दिसतात, पण पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो.

बेकरीत वजनावर मिळणारा 'पिझ्झा बियांका' हा तेल-मिठाचा जाड रोटीसारखा पाव आपल्याला सर्वांत सोयीचा पडेल. त्याबरोबर फळांचा बर्फाळ 'सोर्बेत्तो' चालेल, फक्त अंडे नसल्याची खात्री करून घ्यावी. तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून न्यावेत: 'सेन्त्सा आल्यो' म्हणजे लसणाशिवाय, 'सेन्त्सा चिपोल्ला' म्हणजे कांद्याशिवाय आणि 'सेन्त्सा उओवा' म्हणजे अंड्याशिवाय. टर्मिनी स्थानकाच्या दक्षिणेला एस्क्विलिनो भागात भारतीय व बांगलादेशी दुकाने आहेत आणि तिथल्या मंडईत डाळ-तांदूळही मिळतात.

खाकरे, थेपले, भाजके चणे बरोबर न्यावेत. मात्र युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, म्हणून पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा घरीच ठेवावा. आपल्या द्राक्षांची पेटी कोणा नातेवाइकासाठी नेण्याचा विचार असेल तर तोही सोडावा. ताजी द्राक्षे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय तिथे नेता येत नाहीत.

प्रश्न: सातपूर. गेल्या वर्षी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर युरोपला गेलो. माहितीपत्रकात 'कोलोसियम दर्शन' असे लिहिले होते. प्रत्यक्षात आम्हाला रस्त्यावर वीस मिनिटे उभे केले आणि नंतर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात तासभर नेले. आम्ही वयाच्या साठाव्या वर्षी आयुष्यभराच्या बचतीतून गेलो होतो. यापुढे लोकांनी काय पाहावे?

उत्तर: आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण इतक्या दूर जाऊन दारातून परत येण्याचे दुःख पैशात मोजता येत नाही. माहितीपत्रकातला 'दर्शन' हा शब्दच फसवा आहे. 'प्रवेश तिकिटासह' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर वास्तू बाहेरूनच दाखवली जाईल, असे धरून चालावे. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. कोणत्या वास्तूत आत नेणार, प्रत्येक शहरात बसमधून उतरून पायी किती वेळ मिळणार, आणि दुकानांना दिलेली भेट ऐच्छिक आहे की नाही. रोमच्या मध्यवर्ती भागात मोठ्या बसगाड्यांवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे मोठा गट घेऊन जाणारी कंपनी जुन्या शहरात आपल्याला पायी किती फिरवणार, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

लेखी आश्वासन पाळले गेले नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, आणि कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे ती करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. माहितीपत्रक, पावत्या आणि त्या दिवसाची छायाचित्रे जपून ठेवली असतील तर अजूनही वेळ गेलेली नाही.

प्रश्न: कॉलेज रोड. मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. मला रोममध्ये एक दिवस मिळणार आहे आणि कोलोसियमपेक्षा सिस्टिन चॅपेलची ओढ अधिक आहे. दिवस कसा लावावा?

उत्तर: मग वरचा क्रम आपल्यासाठी उलटा करावा. सकाळ व्हॅटिकनला द्यावी, दुपार जुन्या शहराला, आणि कोलोसियम रात्री दिव्यांच्या उजेडात बाहेरून पाहावे. व्हॅटिकन हे १९२९ च्या लॅटरन करारापासून स्वतंत्र राष्ट्र आहे आणि त्याचे क्षेत्र अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही कमी आहे. संग्रहालयांचे दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही, ते उत्तरेकडच्या तटबंदीत आहे. अनेक जण चौकात रांग लावतात आणि आरक्षित वेळ हुकवतात. मेट्रोच्या ऑत्ताव्हियानो स्थानकावरून थेट तटाकडे जावे. रविवारी संग्रहालये बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, आणि त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असल्याने गर्दी अतोनात होते. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा चर्च दुपारपर्यंत बंद राहू शकते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. त्र्यंबकेश्वरला गर्भगृहात जाताना सोवळ्याचा नियम आपण पाळतो, तसा हा तिथला नियम समजावा.

सिस्टिन चॅपेल हे पोपचे प्रार्थनागृह संग्रहालयांच्या फेरीच्या शेवटी येते. वाटेत राफाएलने रंगवलेली दालने आहेत. तिथे 'अथेन्सची पाठशाळा' या भिंतीपुढे निदान पंधरा मिनिटे थांबावे. चॅपेलमध्ये छायाचित्रणाला मनाई आहे, आणि मला ही मनाई फार योग्य वाटते. छतावरची चित्रे १५०८ ते १५१२ या काळातली, तर वेदीमागच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' १५३६ ते १५४१ मधला. त्यामुळे एकाच खोलीत तिशीतला मायकेलअँजेलो आणि साठीतला मायकेलअँजेलो शेजारी शेजारी दिसतात. छतावर देह सुटे, स्वच्छ, प्रकाशात आहेत. भिंतीवर तेच देह जड झाले आहेत, एकमेकांत अडकले आहेत. तो पाठीवर झोपून छत रंगवत असे हा समज चुकीचा आहे. त्याने मचाणावर उभे राहून, मान मागे टाकून काम केले. आपण दहा मिनिटे मान वर करून पाहाल तेव्हा चार वर्षे म्हणजे काय ते मानेलाच कळेल. कडेला बाक आहेत, तिथे जागा रिकामी होईपर्यंत थांबावे आणि बसून पाहावे. छोटी दुर्बीण बरोबर असल्यास उत्तम.

चौकात आल्यावर बर्निनीच्या २८४ खांबांच्या कमानीत एक खेळ करून पाहावा. मधल्या सूचिस्तंभाच्या दोन्ही बाजूंना फरशीत एकेक गोल खूण आहे. तिच्यावर उभे राहिले की खांबांच्या चार ओळी एकामागे एक लपतात आणि एकच ओळ उरते. चित्रकाराने ही जागा चुकवू नये.

प्रश्न: देवळाली कॅम्प. मी इयत्ता नववीत आहे. आमच्या पुस्तकात पँथिऑनच्या घुमटाला मध्यभागी भोक असल्याचे चित्र आहे. पावसात आत पाणी येत नाही का? आणि लोखंड न घालता एवढा घुमट टिकला कसा?

उत्तर: बाळ, पाणी येते. पाऊस आत पडत नाही अशी एक कथा तिथे सांगतात, ती खरी नाही. माझ्या दुसऱ्या प्रवासात मी आत असतानाच सर आली, आणि मधल्या फरशीवर पावसाचा एक गोल पडदा उभा राहिला. भोवती शे-दोनशे माणसे कोरडी उभी राहून तो पाहत होती. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यात लहान छिद्रे आहेत, त्यांतून पाणी खालच्या जुन्या गटारात जाते.

आता घुमटाविषयी. त्याचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू बरोबर मावेल. घुमटाचे वजन खालच्या भिंतींना पेलवावे म्हणून बांधणाऱ्यांनी दोन युक्त्या केल्या. घुमट पायथ्याशी सुमारे सहा मीटर जाड ठेवला आणि वर जाताना पातळ करत नेला. शिवाय काँक्रीटमध्ये घालायचा दगडही बदलत नेला. खाली जड दगडांची खडी, आणि अगदी वर ज्वालामुखीतून निघालेला, पाण्यावर तरंगणारा हलका सच्छिद्र दगड. आतून दिसणारे चौकोनी खळगेही वजन कमी करतात. वरचे भोक सुमारे नऊ मीटर रुंद आहे. सर्वांत जास्त भार जिथे नकोसा होतो तिथे काही ठेवायचेच नाही, हा विचार त्यामागे आहे. लोखंडी सळ्यांशिवायचा याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही.

ही वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या सुमारास पूर्ण झाली. पण दर्शनी भागावर ठळक अक्षरांत 'हे मार्कस अग्रिप्पाने बांधले' असे कोरलेले आहे, ज्याने ट्रेव्हीचे पाणी आणले तोच हा अग्रिप्पा. त्याचे मूळ मंदिर जळाल्यावर हेड्रियनने नवे बांधले आणि जुन्या माणसाचे नाव तसेच ठेवले. तुझ्या घरापासून जवळ असलेल्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, जो शिलालेख आहे तोही त्याच शतकातला. एका रविवारी जाऊन तो पाहून ये. तिथल्या आणखी एका लेण्याच्या लेखात दान देणारा स्वतःला 'योनक', म्हणजे यवन, म्हणवतो. पश्चिमेकडच्या लोकांचा आपल्या डोंगराशी संबंध तेव्हाही होता.

इसवी सन ६०९ मध्ये पँथिऑनचे चर्च झाले, म्हणून ते मोडले गेले नाही. चित्रकार राफाएलची समाधी आत आहे. जुलै २०२३ पासून प्रवासी म्हणून जाणाऱ्यांना तिकीट घ्यावे लागते.

प्रश्न: पंचवटी. रोमच्या एका चौकात आपल्या गंगेची मूर्ती आहे असे माझे चुलते सांगत असत. ते कधी परदेशी गेले नव्हते, म्हणून घरात कोणी विश्वास ठेवला नाही. हे खरे आहे का?

उत्तर: आपल्या चुलत्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. नाव्होना चौकात मधोमध बर्निनीचे 'चार नद्यांचे कारंजे' आहे. पोप दहावा इनोसंट याने ते करवून घेतले आणि जून १६५१ मध्ये ते खुले झाले. तेव्हा शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते. चार खंडांच्या चार नद्या तिथे संगमरवरात बसल्या आहेत. युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची ला प्लाता आणि आशियाची गंगा.

मात्र तिथली गंगा पाहून नाशिकच्या माणसाला प्रथम धक्का बसतो, कारण ती दाढी असलेला धिप्पाड पुरुष आहे. आपण रामकुंडावर गंगामाईची आरती करतो, गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येते' असे आपल्या आजी म्हणत. आणि तिथे ती अशी. याचे कारण रोमन परंपरेत आहे. त्यांच्याकडे नदी हा देव असतो, देवी नव्हे. त्यांची टायबरसुद्धा दाढीवाल्या पुरुषाच्या रूपातच कोरली जाते. क्लॉड पूसाँ या फ्रेंच शिल्पकाराने ही मूर्ती घडवली. तिच्या हाती लांब वल्हे आहे, ते या नदीतून दूरवर नावा चालतात याची खूण म्हणून. शेजारच्या नाईलचे डोके वस्त्राने झाकलेले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. ला प्लाताने उंचावलेला हात समोरचे चर्च कोसळेल या भीतीने उचलला आहे असे वाटाडे सांगतात, पण त्या चर्चचे बांधकाम कारंजे पूर्ण झाल्यानंतर सुरू झाले, तेव्हा ती गोष्ट मागाहून रचलेली आहे.

पहिल्या प्रवासात मी या चौकातून घाईने निघून गेले होते आणि गंगा कोणती हे पाहिलेच नव्हते. दुसऱ्या वेळी संध्याकाळी कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. ज्याने गंगा कधी पाहिली नाही अशा शिल्पकाराने ऐकीव माहितीवर तिला एवढे बलदंड रूप द्यावे, हे मला फार हृद्य वाटले. आपण कधी गेलात तर कारंज्याभोवती पूर्ण फेरी मारावी, कारण एका बाजूने चारही नद्या दिसत नाहीत. वल्हे शोधावे, म्हणजे गंगा सापडेल. तिथे उभे राहून चुलत्यांसाठी एक छायाचित्र घ्यावे आणि ते घरात दर्शनी भिंतीवर लावावे.